बोगदा खणून झाला, पैसे संपले, आता त्याचं करायचं काय?

मागच्या अंकात बोलता बोलता एक ओळ टाकली होती मी, की अमेरिकेत टेक्सासमध्ये एका सायन्स प्रोजेक्टसाठी २३ किलोमीटर बोगदा खणला आणि मग प्रोजेक्टच रद्द करून टाकला. एवढंच. पण त्या एका ओळीवर जेवढे मेसेज आले तेवढे माझ्या टेरेसच्या गळतीवरच्या अख्ख्या लेखमालेवर आले नव्हते, असो. म्हणून यावेळी सगळे प्रश्न त्याच विषयाचे घेतलेत. प्रश्न जसे आले तसेच ठेवलेत, फक्त गुड मॉर्निंग आणि फुलांचे फोटो काढून टाकले.

प्रश्न : काका, तो टेक्सासचा बोगदा मध्येच का सोडला ते तुम्ही लिहिलंच नाहीत. आणि सोडला तर सोडला, खणलेल्या बोगद्यात मेट्रो किंवा गोडाऊन का नाही काढलं? इकडे ठाणे-बोरिवली बोगद्यासाठी एवढाली मशिनं आणून खणायचं चाललंय आणि तिकडे तयार बोगदा पडून आहे, हे काही डोक्यात बसत नाही. (एक वाचक, ऐरोली)

आधी का सोडला ते. प्रोजेक्टचं नाव सुपरकंडक्टिंग सुपर कोलायडर. प्रोटॉनचे दोन झोत समोरासमोरून फिरवायचे आणि धडकवायचे, त्यासाठी ८७ किलोमीटर घेराची रिंग जमिनीखाली. ८७ म्हणजे किती ते आपल्या हिशोबात सांगतो, सीएसएमटीला लोकलमध्ये बसलात तर ठाणं, कल्याण, बदलापूर सगळं मागे टाकून साधारण नेरळ येईल, तेवढं, आणि ते गोल. जिनिव्हाचा एलएचसी, असंच प्रोटॉन धडकवणारं मशीन, ज्यात २०१२ ला हिग्ज बोसॉन (इतर कणांना वस्तुमान कसं मिळतं ते उलगडणारा कण) सापडला, तो २७ किलोमीटरचा, म्हणजे आपला भांडुपलाच उतरला. धडकेची ताकद टेक्सासला ४० टेराइलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं माप) ठरलेली, एलएचसी आत्ता कुठे १३.६ वर पोचलाय. त्यामुळे प्रोजेक्ट छोटा नव्हता की कुणाच्या डोक्यातलं खूळ नव्हतं.

१९८८ मध्ये डॅलसच्या दक्षिणेला वॉक्साहाची नावाच्या गावाजवळची जागा ठरली. सुरुवातीचा अंदाज ४.४ अब्ज डॉलर, आणि १९९३ येईपर्यंत तो ११ अब्जांच्या वर गेला. घराचं रिनोव्हेशन ज्याने केलंय त्याला हे वेगळं समजवायला नको. त्यात सोव्हिएत युनियन फुटलं, मग रशियाच्या पुढे राहायचंय हे कारणच गेलं, बाहेरच्या देशांकडून जेवढे पैसे येतील म्हणून धरलेले तेवढे आले नाहीत (भारतानेही ५ कोटी डॉलरचं सामान आणि काम द्यायचं कबूल केलं होतं, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीतच नसतं), आणि त्याच वर्षी स्पेस स्टेशनचाही खर्च डोक्यावर. स्पेस स्टेशन जूनमध्ये अमेरिकेच्या संसदेत वाचलं, एका मताने, २१६ विरुद्ध २१५. कोलायडरवर ऑक्टोबरमध्ये प्रतिनिधीगृहात मतदान झालं, २८२ विरोधात आणि १४३ बाजूने, खेळ खलास. तोवर २ अब्ज डॉलर गेलेले. आणि नुसतं बंद करायला, म्हणजे लोकांचे हिशोब, कॉन्ट्रॅक्टरचे हिशोब, आवराआवर, यासाठी त्या वर्षी ६४ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. दुकान बंद करायलाही भांडवल लागतं ते असं.

आता मेट्रो. मेट्रो गर्दीच्या दोन ठिकाणांना जोडते, हा बोगदा कुठल्याच दोन ठिकाणांना जोडत नाही, शेताखालून निघतो आणि शेताखालीच संपतो. आतून रुंदी जेमतेम सव्वाचार मीटर, कारण त्यात माणसं नाही, प्रोटॉनचा झोत वळवणारे मॅग्नेट बसायचे होते. खाली उतरायला रॅम्प नाही, उभ्या विहिरी आहेत, १७ खणून झाल्या होत्या. गोडाऊन काढायचं म्हटलं तर प्रत्येक गोण क्रेनने खाली सोडा आणि गिऱ्हाईक आलं की परत क्रेनने वर काढा, तुर्भ्याच्या मार्केटमधल्या कुठल्याही व्यापाऱ्याला हा हिशोब सांगून बघा, चहासुद्धा पाजणार नाही.

पण ही सगळी कारणं दुय्यम आहेत. खरं कारण पाणी.

जमिनीखाली पोकळी केली की तिथे पाणी येतंच, आज थेंब थेंब, महिन्याने घोटाभर. जोवर प्रोजेक्ट चालू असतो तोवर पंप चालतो आणि कुणी त्या पंपाकडे बघतही नाही. प्रोजेक्ट रद्द झाला की पहिल्या मीटिंगमध्ये विचारलं जातं की हा पंपाचा खर्च कुणाच्या हेडखाली टाकायचा, आणि सगळे एकमेकांकडे बघतात. मी रबाळे-महापे पट्ट्यात बरीच वर्षं पंप आणि चिलरच्या मेंटेनन्सची कामं घेतलीत त्यामुळे हे जवळून बघितलंय. महापेला एका कंपनीने (नाव नको) रिसर्च लॅबसाठी बिल्डिंग बांधायला घेतली, बेसमेंट झालं, वरचे दोन मजले झाले, मग कंपनीचा विचार बदलला आणि काम थांबलं. दोन पावसाळे गेल्यावर कुणीतरी बिल्डिंग विकत घ्यायला तयार झालं म्हणून मला बोलावलं. बेसमेंटच्या पायऱ्या उतरत होतो तर सातव्या पायरीलाच पाणी. टॉर्च मारला, पाण्यावर थर्माकोलचे तुकडे, एक पिवळं हेल्मेट तरंगतंय आणि बेडकांचा असा आवाज की बोललेलं ऐकू येईना. वॉचमन म्हणाला, साहेब पंप आहे की आपल्याकडे, नवाकोरा आहे. पंप होताच. पाण्याखाली होता.

दोन डिझेल पंप लावून तीन दिवस उपसलं. खाली इलेक्ट्रिक पॅनलचं दार उघडलं तर आत गाळाची रेघ माझ्या छातीपर्यंत, तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडलेल्या, आणि वर एका स्विचवर कंपनीचं सील अजून तसंच, म्हणजे तो स्विच एकदाही कुणी ऑन केलेला नव्हता. घ्यायला आलेली पार्टी ती रेघ बघून गेली ती गेलीच. आणि हे सगळं कशापायी, तर काम थांबल्यावर लाइटबिल वाचवायला मीटर बंद करून ठेवलं होतं.

टेक्सासलाही शेवटी तेच. विहिरी बुजवल्या आणि बोगद्यात पाणी भरू दिलं. वरच्या इमारतींचं मात्र थोडं वेगळं झालं. २००६ मध्ये ट्रकच्या धंद्यातला मोठा माणूस जे. बी. हंट आणि त्याच्या सोबतच्या गुंतवणूकदारांनी ती जागा डेटा सेंटर करायला घेतली, कल्पना वाईट नव्हती, मजबूत बांधकाम, भरपूर वीज आणि फायबर, डेटा सेंटरला अजून काय लागतं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हंट गेला आणि ते थंडावलं. मग २०१२ ला मॅग्नाब्लेंड नावाच्या केमिकल कंपनीने ती जागा घेतली. म्हणजे विश्वाच्या सुरुवातीचा शोध घ्यायला बांधलेल्या इमारतीत आता केमिकल मिक्स होतात. हंट दहा वर्षं उशिरा आणि आपल्या ऐरोली-रबाळेत असता तर त्याचं सोनं झालं असतं, तुम्ही ऐरोलीचेच आहात, खिडकीतून बघा, जुन्या कंपन्या होत्या तिथे किती डेटा सेंटर उभी राहिलीत ते.

प्रश्न : मग अशी रद्द प्रोजेक्टची जागा नंतर चांगल्या कामाला आली असं कुठेच झालं नाही का? का सगळ्यांचं तळंच होतं? (एक वाचक, कळवा)

झालंय की. आणि जिथे जिथे झालंय तिथे मी पहिलं काय बघतो तर मधल्या काळात लाइटबिल कोण भरत होतं.

अमेरिकेतच न्यूयॉर्कजवळ ब्रूकहेवन लॅब आहे. तिथे इसाबेल नावाचा कोलायडर बांधत होते, मॅग्नेटच्या भानगडीत उशीर झाला आणि १९८३ मध्ये रद्द. बोगदा मात्र तयार, ३.८ किलोमीटरची रिंग. पण ती चालू लॅबच्या कंपाउंडमध्ये होती हो. वॉचमन तोच, सबस्टेशन तेच, साहेब तेच. लॅबच्या रोजच्या खर्चात हा बोगदाही निभावून गेला, आणि २००० साली त्याच रिंगमध्ये आरएचआयसी हे मशीन सुरू झालं, सोन्याच्या अणूंचे गाभे धडकवणारं. त्यातून प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून होणाऱ्या गरम रश्शासारख्या पदार्थाचा अभ्यास झाला. आता त्याच बोगद्यात पुढचं मशीन, इलेक्ट्रॉन-आयन कोलायडर, बसवायचं ठरलंय. एका रद्द प्रोजेक्टच्या खड्ड्यावर दोन पिढ्यांचं काम निघालं, वाड्यातल्या जुन्या जोत्यावर नवीन घर उठवतात तसं.

जर्मनीतलं कालकारचं उदाहरण मात्र माझं लाडकं. तिथे एक फास्ट ब्रीडर रिअॅक्टर, म्हणजे जाळतो त्याहून जास्त इंधन तयार करणारी अणुभट्टी, बांधला, १९८५ ला बांधून तयार झाला, पण विरोध आणि परवानग्यांच्या चक्रात कधी चालूच झाला नाही, १९९१ ला रद्द. अब्जावधी मार्क खर्च. मग नव्वदीच्या दशकात हेनी व्हान डर मोस्ट नावाच्या एका डच उद्योजकाने तो विकत घेतला आणि तिथे अम्युझमेंट पार्क काढलं, वुंडरलँड कालकार. कूलिंग टॉवरच्या आत गोल फिरणारा उंच पाळणा आहे, तो वर जातो तेव्हा टॉवरच्या तोंडातून बाहेर डोकावतो, आणि टॉवरला बाहेरून डोंगराचं चित्र रंगवून वर चढायला भिंत केलीय. हॉटेल आहे, पोरंबाळं आहेत. हे जमलं याचं कारण एकच, त्यात अणुइंधन कधी भरलंच नव्हतं. एकदा जरी रिअॅक्टर पेटला असता तर तिथे पाळणा सोडाच, पन्नास वर्षं कुंपण राहिलं असतं. म्हणजे प्रोजेक्ट रद्द करायचाच असेल तर कुठल्या टप्प्याला रद्द करता याला फार किंमत आहे.

रशियात मॉस्कोच्या दक्षिणेला प्रोत्विनो म्हणून गाव आहे, तिथे २१ किलोमीटरचा बोगदा, प्रोटॉनला वेग देणाऱ्या यूएनके नावाच्या मशीनसाठी. सोव्हिएत युनियन गेलं, पैसे गेले, मशीन आलंच नाही. पण बोगद्यात पाणी भरू नये म्हणून त्याची देखभाल चालू ठेवली. नवीन वापर नाही, मशीन नाही, तरी देखभाल चालू, कारण सोडून दिला तर वरच्या जमिनीला धोका आणि चालू ठेवला तर खर्च. ही तिसरी तऱ्हा, ना धड मेलेलं ना जिवंत.

प्रश्न : बोगद्यात मशरूम लावता येतील का? सिरियसली विचारतोय. (कोपरी, ठाणे)

येतात. पॅरिसच्या खाली दगडाच्या जुन्या खाणी होत्या, एकोणिसाव्या शतकात तिथे बटन मशरूमची शेती जोरात चालायची, फ्रान्समध्ये अजून त्या मशरूमला पॅरिसचं मशरूमच म्हणतात. गारवा, दमटपणा, अंधार, सगळं फुकट. पण त्या खाणींना आडवी वाट होती, घोडागाडीने खत आत नेता येत होतं. पन्नास मीटर खोल विहिरीतून खत खाली आणि टोपल्या वर हे परवडायचं नाही. शिवाय हवा खेळती लागते, मशरूम पण श्वास घेतं. तुम्ही आधी बेडच्या खालच्या जागेत दोन पिशव्या लावून बघा, जमलं तर मग बोगद्याचं बोलू.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या थर्ड इयरला आहे. बोगद्याचं कळलं पण मशीनचं काय झालं? कॉम्प्युटर, मॅग्नेट, सगळं भंगारात? आणि तिथे काम करणारे लोक? (घणसोली)

भंगारात थोडंफार गेलंच असणार, पण एक गोष्ट मस्त झाली. टेक्सासच्या लॅबने धडकेचा डेटा तपासायला एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरची एक फार्म उभारली होती, पीडीएसएफ नावाची. प्रोजेक्ट गेल्यावर ती उचलून कॅलिफोर्नियात बर्कलीला नेली आणि १९९६ पासून तिथे चालू केली. दुसऱ्या प्रयोगांच्या लोकांनी ती वापरली, भर टाकत गेले, जुनं काढत गेले. ती २०१९ पर्यंत चालू होती. ज्या कोलायडरसाठी घेतली तो झालाच नाही आणि तिने तेवीस वर्षं दुसऱ्यांची कामं केली. शेवटी शेवटी तिच्यात टेक्सासचा एक स्क्रूसुद्धा उरला नसेल, म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा चारदा बदलला, पातं तीनदा बदललं, पण कुऱ्हाड आजोबांचीच, तसला प्रकार.

उचलून नेता येतं ते जगतं हे लक्षात ठेव, इंजिनिअर होतोयस म्हणून सांगतो. ट्रॉलीवर चढेल, ट्रकमध्ये बसेल, दुसऱ्या कुणाच्या रॅकमध्ये लागेल असं जे असेल त्याला गिऱ्हाईक मिळतं. सिमेंटमध्ये ओतलेलं जागेवरच राहतं.

लोकांचं म्हणशील तर लॅबमध्ये साधारण दोन हजार माणसं होती. काही शिकवायला गेले, काही शेअर बाजाराच्या गणितात शिरले, वॉल स्ट्रीटला त्या काळात फिजिक्सवाले हवेच होते, आणि बरेच जण पुढे एलएचसीच्या कामाला लागले. पण चाळीशीतला माणूस, मुलं शाळेत, घर टेक्सासमध्ये घेतलेलं, आणि सोमवारी सकाळी कळतं की आपलं कामच रद्द झालं, ते दुःख काय असेल ते आपल्याकडे वागळे इस्टेटमधल्या कंपन्या बंद झाल्या तेव्हाच्या घरांना विचार.

प्रश्न : अशा मशीनचा हॉस्पिटलसाठी उपयोग होऊ शकतो असं ऐकलं, माझ्या आईची ट्रीटमेंट खारघरला चालू आहे म्हणून उत्सुकता. (एक वाचक, खारघर)

आधी आईंना लवकर बरं वाटो.

बरोबर ऐकलंत. टेक्सासमध्ये मोठ्या रिंगच्या आधी प्रोटॉनला पहिला वेग द्यायला एक सरळ मशीन होतं, लिनॅक म्हणतात. ते ६०० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत नेणार होतं (मेगा म्हणजे मघाच्या टेराचा दहा लाखावा भाग). कॅन्सरच्या प्रोटॉन ट्रीटमेंटला साधारण ७० ते २३० लागतात, म्हणजे लिनॅकचा सुरुवातीचा तुकडाच पुरला असता. त्यामुळे रद्द झाल्यावर लगेच ही कल्पना निघाली की लिनॅक पूर्ण करून तिथे प्रोटॉन ट्रीटमेंट आणि औषधी आयसोटोपचं (तपासणीला आणि उपचाराला लागणारे किरणोत्सारी पदार्थ) सेंटर काढू. ऐकायला इतकं छान की कुणालाही पटावं. झालं नाही.

मला विचाराल तर अडचण अशी की पेशंट शेतात येत नाही. हॉस्पिटल म्हणजे फक्त मशीन नाही ना, आधी ओपीडी लागते, स्कॅन लागतो, भूल देणारा डॉक्टर लागतो, नातेवाइकांना राहायला जागा लागते, आणि मशीन रोज सकाळी ठरल्या वेळेला चालू झालं पाहिजे. रिसर्चचं मशीन आठवडाभर बंद राहिलं तर सायंटिस्ट पेपर लिहीत बसतो, पेशंट कुठे बसेल? म्हणून जगभर लोक हॉस्पिटलच्या शेजारी मशीन आणतात. तुमच्या खारघरला टाटाच्या अॅक्ट्रेकमध्ये प्रोटॉनचं सेंटर २०२३ ला सुरू झालं ते असंच, कॅन्सरचं काम तिथे आधीपासून होतं, डॉक्टर होते, पेशंट होते, मशीन शेवटी आलं. आणि खारघरलाच बीएआरसीचं इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे, तिथलं अॅक्सिलरेटर १० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचं, कोलायडरपुढे अगदी किरकोळ, पण केबलचं प्लास्टिक टणक करणं वगैरे उद्योगाची कामं तसल्याच ताकदीवर होतात. छोट्या मशीनला दुसरं काम पटकन मिळतं. हे मी माणसांच्या बाबतीत पण बघितलंय, पण तो विषय वेगळा.

प्रश्न : अमेरिका-जर्मनीचं झालं, भारताचं सांगा. आपल्याकडे न्यूट्रिनोची लॅब होणार होती ती पण लटकलीच ना? (नौपाडा, ठाणे)

हो. न्यूट्रिनो म्हणजे जवळपास कशातूनही आरपार जाणारा, पकडायला महाकठीण कण, म्हणून त्याची लॅब खोल खडकाखाली करतात, बाकीचे कण वरचा खडक अडवतो. तामिळनाडूत थेनी जिल्ह्यात, पोट्टिपुरमजवळ डोंगराच्या पोटात लॅब करायची, ५० हजार टन लोखंडाचा चुंबक आणि त्यात हजारो डिटेक्टर. जानेवारी २०१५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, सुमारे १५०० कोटींची. मग पर्यावरणाचे मुद्दे, स्थानिक लोकांचा विरोध, कोर्ट, राज्य सरकारचा विरोध. डोंगरातला बोगदा खणलाच गेला नाही. एका अर्थी सुटलो म्हणा, उपसायला पाणी नाही. मदुराईला मात्र त्याच डिटेक्टरचं छोटं रूप, ८५ टनांचं, बांधून चालवलं, आणि ते बनवताना जी पोरं शिकली ती आज ठिकठिकाणी कामाला आहेत.

पण मला यापेक्षा कोलारची गोष्ट सांगायचीय, कारण तिथे सगळं उलटं झालं. कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणीत टीआयएफआरच्या (मुंबईची टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) लोकांनी, जपानी आणि ब्रिटिश सायंटिस्टच्या साथीने, २.३ किलोमीटर खोल डिटेक्टर लावले आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार होणारे न्यूट्रिनो पकडले, जगात पहिल्यांदा पकडणाऱ्यांमध्ये आपण होतो. खाण सोन्यासाठी होती, लिफ्ट खाणीची, हवा खाणीची, पंप खाणीचे, सायंटिस्ट म्हणजे पोटभाडेकरू. पुढे सोनं परवडेना, खाणी बंद होत गेल्या, २००१ ला पूर्ण बंद झाल्या. मालकानेच घर सोडलं तर पोटभाडेकरू काय करणार. खाली पाणी भरलं.

अमेरिकेत होमस्टेक नावाची अशीच सोन्याची खाण, तिथेही न्यूट्रिनोचा मोठा प्रयोग झालेला, त्यासाठी रे डेव्हिसना २००२ चं नोबेल मिळालं. खाण बंद पडली आणि २००३ ला पंप बंद केले, पाणी चढायला लागलं. पण तिथल्या राज्याने ठरवलं की ही जागा सायन्ससाठी घ्यायची, एका श्रीमंत माणसाने ७ कोटी डॉलर दिले, आणि २००८ ला परत पंप सुरू करून पाणी खाली ढकललं. गंमत म्हणजे तिथे जी मोठी राष्ट्रीय लॅब व्हायची होती तिलाही २०१० च्या शेवटी पैसे नाकारले. पण तोवर खाण कोरडी झालेली, लिफ्ट चालू झालेली, मग दुसऱ्या सरकारी खात्याने तीच जागा धरून काम पुढे नेलं. आज तिथे डार्क मॅटर, म्हणजे दिसत नाही पण ज्याची ओढ जाणवते तो पदार्थ, शोधायचा जगातला एक मोठा प्रयोग चालू आहे. पाणी भरलेलं असतं तर त्या खात्याने फाइल उघडूनही बघितली नसती असं माझं मत.

कोलारला पाच वर्षं पंप कुणी चालवले असते तर, असं मनात येतं. पण सोन्याच्या खाणीचे पंप म्हणजे सोसायटीचे पंप नाहीत, किती मोठा खर्च असेल त्याची कल्पना आहे मला, उगाच कुणाला नावं ठेवत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेच्या ट्रस्टने सायन्स सेंटरसाठी हॉल बांधायला घेतला होता, ज्यांनी पैसे द्यायचं कबूल केलं त्यांनी मध्येच हात काढून घेतला. तळमजला तयार आहे, थ्री फेज कनेक्शन घेतलेलं आहे, लॅबचे ओटे आणि गॅसची पाइपलाइन झालीय, वरचा मजला अर्धा. कमिटीत कुणी म्हणतं लग्नाला भाड्याने द्या, कुणी म्हणतं कोचिंग क्लासला, कुणी म्हणतं कुलूप लावा आणि दुसरा देणगीदार शोधा. तुम्ही काय कराल? (ट्रस्टचे एक सभासद, कोपरखैरणे)

कुलूप सोडून काहीही. खरंच सांगतो.

लग्नाला देऊ नका, पहिल्याच लग्नात केटरर तुमचे ओटे फोडेल आणि गॅसलाइनला स्वतःची शेगडी जोडेल, मग ती लाइन कुणाच्या बापाला परत लॅबला वापरता यायची नाही. कोचिंगवाले बरे, पण ते पार्टिशन मागतील, एसी मागतील, आणि तीन वर्षांनी हॉल त्यांचाच होऊन बसेल. हॉलमध्ये जे आधीच आहे तेच ज्याला हवंय असा माणूस शोधा. तुमच्याकडे थ्री फेज आहे, पाणी आहे, निचरा आहे, ओटे आहेत, गॅस आहे. हे सगळं कुणाला लागतं? आजूबाजूच्या तीन-चार शाळांना, ज्यांच्याकडे दहावीच्या प्रॅक्टिकलला धड ओटा नाही, त्यांना वार ठरवून द्या, सोमवार-मंगळवार एक शाळा, बुधवार दुसरी. पाणी तपासायची छोटी लॅब चालवणारे असतात, सोसायट्यांच्या टाक्यांचं पाणी तपासून देतात, त्यांना ओटे आणि सिंक असलेली जागा एमआयडीसीत परवडत नाही, त्यांना एक कोपरा भाड्याने द्या म्हणजे लाइटबिल सुटेल. आयटीआयवाल्यांना विचारा, वायरिंगच्या पोरांना थ्री फेज पॅनल शिकायला मिळत नाही कुठे. वरचा अर्धा मजला सध्या विसरा, त्याच्या उघड्या सळयांना सिमेंटचं पाणी मारून प्लास्टिक बांधा आणि मेपर्यंत स्लॅबच्या कडा वॉटरप्रूफ करून घ्या, नाहीतर खालच्या तयार हॉलच्या भिंती पहिल्या पावसात ओल्या होतील.

आणि कमिटीत कुणीतरी नक्की म्हणेल की वापर नाही तर मीटर सरेंडर करून टाकू, फिक्स चार्ज कशाला भरायचा. करू देऊ नका. नंतर तेवढाच लोड परत मागायला गेलात की नवीन अर्ज, नवीन डिपॉझिट, नवीन टेस्ट रिपोर्ट. लोड कमी करून घ्यायचा तर घ्या, पण कनेक्शन जिवंत ठेवा. अंडरग्राउंड टाकी असेल, असेलच, तर तिचा पंप दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं फिरवायचा, पाणी असो नसो झडप उघडून बघायची, आणि तारीख भिंतीवर खडूने लिहून ठेवायची म्हणजे शिपाई बदलला तरी कळतं शेवटचा कधी फिरवला. पंप कोरडा फिरवू नका तेवढं, सील जळतं, आधी एक बादली पाणी ओता.